लाकडी जमीन

प्रबुद्ध मंचरच्या वखारीत सागवानी फळीवरून हात फिरवत उभा होता. बरोबर बायको यशोधरा होती आणि पेठला दिलेली धाकटी बहीण अमृता. आईच्या खोलीतली फरशी उखडून तिथं लाकडी जमीन करायचं त्यानं ठरवलं होतं.

आई, द्रौपदाबाई, पावसाळ्याच्या तोंडावर घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, ती घरी आली, पण खाटेवरून पाय खाली टेकवायला तयार होईना. "चालवा त्यांना, नाहीतर अंथरूण धरतील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या गुळगुळीत फरशीला तळवा लागला की ती पाय वर ओढून घेई. "सोड मला, प्रबुद्धा," ती म्हणे, "शेवाळावर उभं केल्यावानी वाटतंय."

ती फरशी प्रबुद्धनंच पसंत केली होती. घोडेगावला कचेरीत नोकरी लागल्यावर त्यानं मंचरला घर बांधलं, आणि ज्या फरशीत ट्यूबलाईट दिसते तीच हवी म्हणून हटून बसला. "शाहाबादी घाल रं, पाय ठरतो," असं आई म्हणाली होती. त्यानं हसण्यावारी नेलं. राहायला आल्यावर आईनं आपल्या खोलीपासून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत कांद्याची गोणपाटं अंथरली आणि त्यांच्यावरूनच ती जायची-यायची.

एका रविवारी त्याचे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होते. प्रबुद्धनं सगळी गोणपाटं गुंडाळून गच्चीवर टाकली. "आजचा दिवस भिंत धरून चाल," तो आईला म्हणाला. साहेबांनी हॉलची तारीफ केली. ते गेले, प्रबुद्ध त्यांना गाडीपर्यंत पोचवून परत येतो तोच आतून धप्पकन आवाज आला.

भेटायला येणाऱ्यांना आई सांगायची, "चक्कर आली." अमृताचा त्यावर विश्वास बसला नाही. "वहिनीनं फरशी ओलीच ठेवली असंल. कोरडी पुसायची दगदग तिला कुठं करायला पायजे," दवाखान्याच्या जिन्यात ती सगळ्यांसमोर बोलली. यशोधरानं नवऱ्याकडे बघितलं. प्रबुद्ध औषधं आणायच्या निमित्तानं खाली उतरला, आणि त्यानंतर तो विषय त्यानं कधीच काढला नाही. अमृता घरी आली की वहिनीच्या हातचा चहासुद्धा घेत नसे. ते सगळं तो पाहत होता. रात्री यशोधरा पाठ करून झोपली की बोलावंसं वाटायचं, पण जीभ उचलत नव्हती.

वखारवाल्यानं चकाकणारी फळी पुढं केली. "पावणं, हे बघा. पॉलिश आरशावानी. पुण्याच्या बंगल्यांत हेच घालत्यात."

प्रबुद्धला ती आवडली. यशोधरानं मात्र चप्पल काढली, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी फळीवर ओतलं आणि ओल्या फळीवर पाय घासून बघितला. पाय सर्रकन पुढं गेला. मग तिनं कोपऱ्यातली ऐनाच्या लाकडाची फळी आडवी टाकायला लावली, नुसता रंधा मारून तेल दिलेली. तिच्यावरही पाणी ओतलं. पाय जागचा हलला नाही.

"ही," ती म्हणाली. "आणि हॉलमध्येपण हीच."

"हॉलमध्ये कशाला?" प्रबुद्ध म्हणाला. "आईच्या खोलीपुरतं बघू. हॉल चांगला दिसतोय."

"आई हॉलमध्ये पडल्या व्हत्या."

"पडली ती कुणामुळं, ते आमाला ठावं हाये," अमृता फटकन बोलली. "ओलं पुसून ठेवायचं आन् आता लाकडं निवडायची!"

यशोधरा वाकून चप्पल घालायला लागली. चपलेचा पट्टा तिला सापडेना.

"तिनं नाही पुसली फरशी," प्रबुद्ध म्हणाला. "फरशी कोरडीच होती, अमृता. आईची गोणपाटं मी काढली. साहेब येणार म्हणून. घरात गोणपाट दिसलं तर लाज जाईल असं वाटलं मला."

अमृता त्याच्याकडे बघतच राहिली. "आन् दादा, तू इतके दिवस मला बोलू दिलंस? हिला ऐकून घ्यायला लावलंस?"

वखारवाला काहीतरी पुटपुटत माप घ्यायची टेप शोधायला आत गेला. अमृता यशोधराजवळ गेली आणि तिनं वहिनीच्या हातातली पिशवी तेवढी आपल्याकडे घेतली.

"ताई, तुमचं मला वाईट न्हाई वाटलं," यशोधरा म्हणाली. "तुमाला म्हाईतच नव्हतं. ह्यांना म्हाईत व्हतं."

ऐनाच्याच फळ्या ठरल्या, हॉल धरून. दारात उंचवटा राहू नये म्हणून जुनी फरशी काढली. तिचे तुकडे प्रबुद्धनं स्वतः पाट्या भरभरून बाहेर टाकले. ते काम चालू असताना आईची खाट पडवीत हलवली होती. तिथं तो तिच्या पायाशी बसला आणि वखारीत काय झालं ते सगळं सांगितलं.

आईनं मान खाली घातली. "मला समदं ठावं व्हतं. लोक तुला नावं ठेवतील म्हणून चक्कर म्हणाले. अमृता तिला टोचून बोलायची ते बी ऐकू यायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आपुन मायलेकांनी मिळून परक्याच्या पोरीच्या माथी मारलं. आन् माझं हागणं-मुतणं तीच काढत व्हती."

जमीन तयार झाली तेव्हा पहिल्यांदा अमृता आणि यशोधरानं आईला दोन्हीकडून धरून उभं केलं. आईनं पायाची बोटं फळीवर रोवली, वॉकरवर भार टाकला आणि दम खात खात ती हॉलपर्यंत आली. तिथं थांबून तिनं यशोधराचं मनगट पकडलं. "चुकले गं बाई मी," ती म्हणाली. यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं. "चला, पुढं चला," तेवढंच ती बोलली.

प्रबुद्धनंही माफी मागितली, त्याच रात्री. यशोधरानं ऐकून घेतलं. "त्या दिवशी जिन्यात बोलायला पायजे व्हतं," ती म्हणाली आणि दिवा मालवला. पुढं बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. आई आता घरभर फिरायची. दोघी सासू-सुना पडवीत बसून भाजी निवडायच्या, कधी मोठ्यानं हसायच्या. प्रबुद्ध कचेरीतून आला की त्यांच्यात जाऊन बसायचा. कुणी त्याला ऊठ म्हणत नसे, पण हसणं जरा कमी व्हायचं.