वेंडेल कोपकेंच्या कानामागून

घाबरू नका, मी तुमच्या कानात नाही. मी वेंडेल कोपके यांच्या डाव्या कानामागे बसून बोलतोय. दुकानात मला श्रवणयंत्र म्हणतात, घरी म्हणतात कानाचं मशीन. आकाराने शेंगदाण्याएवढा, रंगाने भुरकट, केसांत दडून बसणारा. बाहेरचं ऐकायचं आणि आत सांगायचं, एवढंच माझं काम.

एक गोष्ट मात्र माझ्या डबीवर छापलेली नाही, ती आधीच सांगून टाकतो. माझं बटण दाबलं की मी सांगायचा थांबतो. ऐकायचा थांबत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, हातमोजे घातलेल्या बायकांच्या हातून. त्या कामाच्या वेळी एकमेकींशी चकार शब्द बोलत नसत. म्हणून मी पहिल्यांदा जे ऐकलं ते काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. मग डबीत बसून कॅन्ससला आलो आणि अर्डिसबाईंच्या कानात पडलो.

अर्डिसबाई म्हणजे वेंडेल यांची बायको. माझ्या आयुष्यात मला त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस भेटलं नाही. चर्चमधलं गाणं, खिडकीच्या फटीतला वारा, शेजारणीचं रडगाणं, सगळं त्या मन लावून ऐकत. पण संध्याकाळी त्यांचा जीव कानात गोळा व्हायचा. वेंडेल गावाच्या टोकाला धान्याच्या उंच कोठारांवर कामाला होते. ते परतले की आधी मागचं दार वाजायचं, मग बूट काढल्याचे आवाज, मग खोकला.

"कोण?" बाई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"मीच गं, दुसरं कोण येणार?" वेंडेल म्हणायचे.

हे रोजचं होतं. एवढ्या बोलण्यावर त्यांचा संसार सुखाने चालला होता.

एका हिवाळ्यात बाई गेल्या. सामानाची आवराआवर करायला मुलगी आली, जोलीन. एकुलती एक, वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत. कोठारातल्या यंत्रांनी वेंडेल यांचे कान कधीच खाल्ले होते, पण कबूल कोण करणार? जोलीनने मला दुकानात नेलं, तपासून घेतलं, बाईंच्या कानाचा साचा काढून वेंडेल यांच्या कानाचा बसवून आणला.

"बायकोचं मशीन मी घालू?" वेंडेल म्हणाले.

"बाबा, मी काही आईचा झगा घालायला सांगत नाहीये. गुपचूप घाला."

त्यांनी घातलं. आठवड्याभराने ते दुपारी स्वयंपाकघरात एकटेच कॉफी पीत बसले होते, तेव्हा मागचं दार वाजलं. बूट निघाले. कोणीतरी खोकलं. तो खोकला त्यांनी ओळखला. त्यांच्या हातातला कप तिथेच राहिला.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच गं, दुसरं कोण येणार?"

मी शपथेवर सांगतो, ते मी केलं नाही. मी ऐकतो आणि सांगतो, मनाचं काही घालत नाही. पण ते माझ्यातूनच गेलं हे खरं. वेंडेल यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पुढे त्यांना सवयच झाली. संध्याकाळ झाली की ते बाईंच्या जागेवर बसत आणि स्वतःच्या येण्याची वाट बघत.

मग नवं सरकार आलं.

नव्या अध्यक्षांनी जानेवारीत शपथ घेतली आणि गावातल्या बर्निसच्या कॅफेतलं लांब टेबल मधोमध तुटलं. म्हणजे लाकूड शाबूत होतं. पण खिडकीकडचे खिडकीकडेच बसू लागले, काउंटरकडचे काउंटरकडे, आणि मधल्या खुर्च्यांवर माणसं टोप्या ठेवू लागली. कॉफी मात्र एकाच किटलीतून यायची.

खिडकीकडचा पुढारी हार्लन. वेंडेल यांचा शाळेपासूनचा दोस्त, गहू आणि ज्वारी पिकवणारा. "इतकी वर्षं आपण जगाला पोसलं," तो म्हणायचा. "आता कोणीतरी म्हणालं की बाबांनो, आधी घरचं बघा. त्यात चुकलं काय?"

"घरचंच बघतायत," बर्निस किटली आपटून म्हणायची. "माझा स्वयंपाकी इथेच जन्मला. तरी परदेशी समजून पकडतील म्हणून दूध आणायला जाताना खिशात जन्माचा दाखला घेऊन जातो."

"ज्याचं सगळं नीट आहे त्याने कशाला घाबरायचं?"

"हे त्याला जाऊन सांग. तुझी अंडी त्याच्याच हातात आहेत. आणि तुझी ज्वारी कोण घेणार आता? चीनवाल्यांशी तर भांडण काढलंय."

"त्यांच्या मालावर कर लावला की सुतासारखे सरळ येतील."

"आणि तोवर?"

"तोवर सोसायचं. आपल्या आज्यांनी धुळीची वादळं सोसली, तुला थोडी कळ काढवत नाही?"

दोघांचंही बोलणं मनापासून असायचं, ते मी सांगू शकतो. खोटं बोलणाऱ्याचा श्वास मधेच अडखळतो, मला लगेच कळतं. यांचा कधी अडखळला नाही. पण बोलून झालं की दोघंही वळायचे आणि म्हणायचे, "तू सांग, वेंडेल."

वेंडेल यांनी मत नव्या अध्यक्षांनाच दिलं होतं. पण त्यांना भांडण नको होतं. बायको गेल्यापासून त्यांना घरात आणि गावात फक्त शांतता हवी होती. एके दिवशी कान खाजवता खाजवता त्यांचं बोट माझ्या बटणावर पडलं, आणि हार्लनचे ओठ नुसते हलू लागले. वेंडेल हसले, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चालायचंच."

झालं. तेव्हापासून सरकार हा शब्द आला की त्यांचा हात कानामागे जायचा. मग हसू, मग मान, मग "चालायचंच". खिडकीकडच्यांना वाटायचं हा आपला, काउंटरकडच्यांनाही वाटायचं हा आपला. इतका समंजस माणूस पंचक्रोशीत नाही, असं दोन्ही बाजूंचं एकमत झालं. तेवढंच एक एकमत उरलं होतं.

आणि जे जे त्यांनी ऐकलं नाही ते माझ्यात साठत राहिलं.

मार्चमधल्या एका रविवारी जोलीन आली. दोन दिवस गाडी चालवून, न कळवता. वेंडेल यांना कोण आनंद. त्यांनी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, गरम केली, सोबत चर्चच्या विक्रीतले दालचिनीचे गोड रोल ठेवले. ती लहानपणी चिलीत रोल बुडवून खायची, तसाच तिने आताही बुडवला. पण खाल्ला नाही.

तिच्या नोकरीचं वेंडेल यांना भारी कौतुक होतं. इथल्या शेतकऱ्यांची ज्वारी विकत घ्यायची आणि जिथे दुष्काळ आहे तिथे जहाजाने पाठवायची, हे तिच्या ऑफिसचं काम. बापाने कोठारात भरलेलं धान्य पोरगी जगाच्या दुसऱ्या टोकाला उतरवते, हे ते भेटेल त्याला ऐकवत.

"बाबा," जोलीन म्हणाली, "या नव्या सरकारने..."

हात कानामागे गेला. बटण दाबलं गेलं. मी अगदी जवळ होतो, आणि मला काहीही करता आलं नाही.

"...आमचं ऑफिस बंद केलं. एका दुपारी. टेबलावरचे फोटो पिशवीत भरून बाहेर काढलं आम्हाला. धान्य बंदरावर पडून आहे, उचलायला कोणी नाही. मला झोप लागत नाही, बाबा. तिकडच्या दुष्काळी छावण्यांमध्ये मी जाऊन आले आहे. ती माणसं मला चेहऱ्याने ओळखतात."

वेंडेल हसले. त्यांनी मान डोलावली.

जोलीनने चमचा खाली ठेवला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "तुम्ही मत कोणाला दिलंत ते मला माहीत आहे. मी त्यावरून भांडायला आले नाही. फक्त एक सांगा. माझी नोकरी गेली, हे तुम्हाला बरोबर वाटतं?"

वेंडेल यांनी मान डोलावली. रोलची ताटली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "चालायचंच."

मग ती अगदी हळू म्हणाली, "वरची खोली मागायला आले होते मी. थोडे महिने."

त्यांनी पुन्हा मान डोलावली. ती एकदा हसली, कोरडं, आणि उठली. कोट घातला, बापाच्या गालावर ओठ टेकवले आणि गेली. गाडी खडीवरून निघाली तेव्हा वेंडेल यांनी मला चालू केलं. पोरगी इतक्या लवकर का निघाली, हे त्यांना समजेना. वॉशिंग्टनला काम असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले.

नंतर जोलीनचा फोन आला नाही. त्यांनी केला तर ती म्हणायची, "बरी आहे. ठेवते." वेंडेल यांचं जेवण कमी झालं. आणि मागच्या दाराचा तो संध्याकाळचा आवाज आपोआप बंद झाला.

शेवटी हार्लननेच सांगितलं. ज्वारी कोठारात मावेना, म्हणून लोकांनी ती उघड्यावर ओतायला सुरुवात केली होती. तो तांबूस ढीग बघत दोघं गाडीत बसले होते. हार्लनचा आवाज खाली आला होता.

"माझं जाऊ दे, मी निभावीन," तो म्हणाला. "पण तू दगड आहेस रे वेंडेल. मी कितीही बडबडलो तरी पोटच्या पोरीला असं बोललो नसतो."

"काय बोललो मी?"

"तिची नोकरी गेली, ती तुझ्याकडे राहायला आली, आणि तू म्हणालास चालायचंच. परत जाताना बर्निसकडे कॉफीला थांबली होती. हुंदके देऊन रडली म्हणे."

वेंडेल यांचा हात कानामागे आला. या वेळी त्यांनी बटण दाबलं नाही, नुसतं बोट ठेवून बसले. त्यांची नाडी मला ऐकू येत होती.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. खरं सांगण्याची लाज वाटली त्यांना. म्हणाले, "जोलीन, त्या दिवशी माझं मशीन बिघडलं होतं गं."

"मशीनला काही झालेलं नाही, बाबा," ती म्हणाली. "मी स्वतः तपासून आणलंय ते." आणि फोन ठेवला.

माणसाने एकदा खरं बोलायला हवं होतं. 'मशीन मीच बंद केलं होतं,' एवढंच म्हणायचं होतं. मी कानात ओरडलो असतो, पण मला माझा असा आवाज नाही.

मग त्यांनी वरची खोली झाडली. चादरी धुतल्या, खिडकी पुसली, दिव्याला नवा बल्ब लावला. खाली येऊन माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि जिन्याकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर पावलं वाजली.

आधी खिडकीपासून पलंगापर्यंत. मग कपाटाचं दार. मग कोणीतरी अनवाणी जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. बाईंच्या वेळचे आवाज माझ्यात राहिले असतील असं मी म्हणू शकतो. हे माझ्यात नव्हतं. ही पावलं मी कधी ऐकलेलीच नाहीत. वेंडेल यांनी माझा सेल काढून टेबलावर ठेवला, मलाही काढून ठेवलं. बहिरा माणूस रिकाम्या कानांनी मान वर करून ऐकत होता, आणि मी टेबलावर निपचित पडून तेच ऐकत होतो.

"जोलीन?" ते म्हणाले.

"हो, बाबा."

मग त्यांनी मला परत कानात घातलं. आता ते दोन ताटं मांडतात. बर्निसच्या कॅफेत जात नाहीत. बाजूने बोलणारे नकोत आणि विरोधात बोलणारेही नकोत. हार्लन दारावर थाप मारून जातो, ते उठत नाहीत. दुपारभर जिन्याशी बसून वरच्या पोरीशी गप्पा मारतात. ते म्हणतात, देशाचं भलं होईल, आणि वरून उत्तर येतं, "हो, बाबा." ते म्हणतात, तुझं ऑफिस बंद करायला नको होतं. "हो, बाबा." एकदा ते चिडून म्हणाले, "अगं, दोन्ही कसं खरं असेल?" वरून काहीच आलं नाही. मग पावलं पलंगाकडे गेली.

तिला भांडता येत नाही. मी खऱ्या जोलीनला ऐकलं आहे. ती भांडणारी आहे, अर्डिसबाईंची लेक आहे. जी वर आहे ती कोण आहे मला माहीत नाही, पण ती जोलीन नाही.

आज दुपारपासून फोन वाजतोय. थांबतो, परत वाजतो. या घरात एवढा वेळ फोन वाजवणारं माणूस एकच उरलं आहे. मी ती घंटा इमानाने वेंडेल यांच्या कानात घालतोय, माझ्यात आहे तेवढ्या जोराने.

त्यांनी फोनकडे हात हलवला आणि म्हणाले, "थांब जरा. ती वरून काहीतरी सांगतेय."

जोलीन, पोरी, फोन ठेव आणि गाडी काढ. रागावून ये, वाटेल ते बोल, त्यांनी बोललेलं सहन करू नकोस. पण जिना चढून आधी वर जा आणि त्या खोलीत तू राहा. जी वर होती तिचं पाऊल मला आता खालच्या पायरीवरही ऐकू येतंय.