मोठी जोडी

मगनने भडगावात नवं घर बांधलं आणि हॉलसाठी स्पीकर घ्यायचं ठरवलं. पाण्याच्या मोटारींचं त्याचं दुकान जोरात चाललं होतं. गाण्याचं वेड मात्र त्याला थोरल्या भावाने, अभिमननानांनी, लावलेलं. आईवडील गेले तेव्हा मगन लहान होता. नानांनी शेती सांभाळून त्याला वाढवलं आणि कपाशी चांगली पिकली त्या वर्षी घरात रेडिओ आणला. संध्याकाळी दोघे भाऊ त्याच्यासमोर बसत आणि नाना गाण्यातला शब्द न् शब्द त्याला समजावून सांगत.

आता नानांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. कानाचं यंत्र आणलं, पण त्यात नुसती खरखर येते म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं. तरी स्पीकर घ्यायला मगन त्यांना सोबत घेऊनच जळगावला गेला.

नासीरभाईंच्या दुकानात मागच्या खोलीत दोन परदेशी जोड्या मांडल्या होत्या. एक छातीएवढी उंच, काळी, चकचकीत. दुसरी लाकडी, शेल्फवर मावेल एवढी. नासीरभाईंनी एकच कॅसेट आधी मोठ्या जोडीवर लावली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मगन खूश झाला. नाना शांत बसून होते. मग लहान जोडी सुरू झाली, तसे नाना खुर्चीत पुढे सरकले. थोड्या वेळाने गायकाबरोबर ओळ पुटपुटू लागले.

"मगन, यामा बठ्ठा शब्द कयतस," ते म्हणाले.

यात सगळे शब्द कळतात, हे नानांचं म्हणणं मगनने ऐकलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर वास्तुशांतीला येणारे पाहुणे होते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हे दोन डबे कुणाच्या नजरेतही भरले नसते.

"दोन्ही माल चांगलाच आहे," नासीरभाई म्हणाले. "ऐकणार कोण, ते बघा आणि घ्या."

मगन नानांकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "नाना, हॉलमध्ये हे मोठेच शोभतील ना?"

नानांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "तुले आवडनं ना, मंग ली ले."

वास्तुशांतीला स्पीकरचं फार कौतुक झालं. त्यानंतर नाना रोज संध्याकाळी हॉलमध्ये येऊन बसत. "काय म्हनस तो?" असं मधूनमधून विचारत. मगन आवाज वाढवी. त्याने नुसता धमधमाट वाढे आणि नानांच्या कपाळाला आठ्या पडत. हळूहळू त्यांनी येणं सोडलं. मगनला थोडं मोकळंच वाटलं. आता हवं ते, हव्या त्या आवाजात लावता येत होतं.

एक दिवस त्याची बायको कमलबाई म्हणाली, "नाना कुठे जातात माहीत आहे का? शेजारी लोटनभाऊंच्या ओट्यावर. त्यांचा छोटा रेडिओ कानाला लावून बसतात."

मगनला लाकडी जोडीसमोर ओळ पुटपुटणारे नाना आठवले.

तो नासीरभाईंकडे गेला. लाकडी जोडी धुळ्याच्या अमीनशेठ नावाच्या कापड व्यापाऱ्याला विकली गेली होती, आणि तशी दुसरी मिळण्यासारखी नव्हती. धुळ्याला जायचं मगनने ठरवलं. पण मोटारींचा हंगाम आला, मग मेव्हणीचं लग्न, मग दुकानाची दुसरी शाखा. जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करता करता वर्ष उलटून गेलं.

शेवटी गेला तेव्हा अमीनशेठनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या मुलांना मोठेच हवे होते," ते म्हणाले. "तुमचे पाठवून द्या आणि हे घेऊन जा. भावासाठी आलात, नाही कसं म्हणू?"

मगनने जोडी घरी आणली आणि नानांचा हात धरून त्यांना हॉलमध्ये बसवलं. कॅसेट टेपमध्ये घातली आणि मागच्या वायरी जोडायला तो खाली वाकला. वर पाहिलं तर नाना मान डोलावत होते.

"गोड शे आवाज," नाना म्हणाले.

अजून गाणं सुरूच झालं नव्हतं.

मगनने हातातली वायर जोडली. मग त्याने कॅसेट सुरू केली आणि येऊन नानांच्या शेजारी बसला. गायकाचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. नाना गाण्याकडे नाही, मगनच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हसला की हसत होते.

पुढे रोज संध्याकाळी नाना हॉलमध्ये येऊ लागले. मगनही दुकान लवकर बंद करून घरी येई. काही ऐकू येतं का, हे विचारायला त्याचं तोंड कधी उघडलं नाही, आणि नानांनीही आपणहून कधी सांगितलं नाही.