जर्सी धुण्याची बारी

आमच्या अल्लीपूरच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा एक नियम आहे. मॅच संपली की घामेजलेल्या सगळ्या लाल जर्स्या एका गाठोड्यात जातात आणि जिची बारी असेल ती त्या घरी धुऊन आणते. दिवाळीआधीच्या मॅचला माझी काजल सात नंबरची जर्सी घालून खेळली. अंगात ताप होता, पण मला, स्वतःच्या बापाला, सांगितलं नाही. मीच टीमचा कोच, बाहेर बसवीन अशी भीती. मैदानावरून तिला तशीच दवाखान्यात नेली. ताप मेंदूत गेला होता. घरी जर्सी तेवढी परत आली.

ती जर्सी पौर्णिमानं, माझ्या बायकोनं, धुतली नाही. पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून कपाटात ठेवली. एकटी असली की पिशवी सोडते, पोरीचा वास घेते, पुन्हा बांधते. मी बघून न बघितल्यासारखं करतो. दुसरं काय करणार?

आज वर्ध्याला सामना होता. सात जणींची टीम आणि जर्स्याही तेवढ्याच, जास्तीची एक नाही. काजलच्या जागी समीक्षाला घेतलं होतं. पौर्णिमाकडे जर्सी मागायची माझी छाती झाली नाही. म्हणून बाजारातून लाल टी-शर्ट आणला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं सात काढला.

रेफ्रीनं तो बघताच मान हलवली. "सर, हा रंग वेगळा आहे. चालणार नाई."

"लालच आहे ना? का साड्या जुळवाले बसलो आपण इथं?"

"नियम आहे, सर."

"मंग सहाच खेळतीन माह्या पोरी!" मी भडकलो. समीक्षा टी-शर्टची कड चावत उभी होती. तिचा बिचारीचा काय दोष?

"अहो."

मागं वळून पाहिलं तर पौर्णिमा. काजल गेल्यापासून ती मैदानाकडे फिरकली नव्हती. आज एकटीच बस धरून आली होती. हातात ती पिशवी.

"सकाळी तुमच्या बॅगीत तो टी-शर्ट पाह्यला," ती म्हणाली. "मले मागतली काऊन नाई?"

मी रेफ्रीला थांबायची खूण केली.

तिनं गाठ सोडली. समीक्षाला म्हणाली, "धुतली नाई हं बेटा. चालन ना?"

समीक्षानं मान डोलावली. पौर्णिमानं टी-शर्टवरूनच तिला जर्सी घातली, वेणी बाहेर काढली. मग तो हात वेणीवरच राहिला. शिट्टी वाजली तेव्हा कुठं सुटला.

पोरी वाईट खेळल्या. बॉल दिसला की सगळ्या एकाच जागी गोळा, मागं मैदान मोकळं! समोरची पोरगी बॉल घेऊन सुटली आणि मी ओरडलो, "काजल, मागं ये! काजल!"

आमच्या पोरी जागच्या जागी थांबल्या. समीक्षा तेवढी थांबली नाही. ते नाव आपलंच असल्यासारखी मागं धावली आणि बॉल अडवला. पाठीवर सात नंबर. मला रडू आवरलं नाही, सगळ्यांदेखत रडलो. पौर्णिमानं माझी बाही घट्ट धरून ठेवली.

आम्ही हरलो. पोरींनी जर्स्या गाठोड्यात टाकल्या. आज बारी कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलेना. शेवटी आमची गोलकीपर आचल म्हणाली, "मी नेतो, सर."

"नाई," पौर्णिमा म्हणाली. "बारी काजलची आहे. मी धुतो."

समीक्षाची जर्सी तिनं वेगळी उचलली. ही काही ती धुणार नाही, घरी गेल्यावर पुन्हा पिशवीत जाईल, असं मला वाटलं. तिनं ती तोंडाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ वास शोधत राहिली.

"काजल नाई राह्यली हो यात," ती म्हणाली, आणि जर्सी बाकीच्या धुण्यात टाकली.