ध्रुवावरचा पाला सांभाळणारी चौकट

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा विचारतो, ही मोडक्या खिडकीची जाळी घरात कशाला ठेवली आहे? त्याला सांगा, ही खिडकी नाही. मी झाडपाला दाबायची जुनी चौकट आहे. सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत पाला आणि वरून दोन पट्टे करकचून आवळलेले. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण जेवढी वर्तमानपत्रं माझ्या पोटात गेली तेवढी तुमच्या मास्तरांनीही वाचली नसतील.

मला उल्हासनगरच्या फर्निचरवाल्या गल्लीत हरिचंद्र मिस्त्रीने घडवलं. एका पलंगाचा साग उरला होता, त्याची मी झाले. पॉलिश मारलं नाही. म्हणाला, पाला दाबायला पॉलिश कशाला? तीस वर्षं झाली, माझा एक खिळा हलला नाही. त्याने पॉलिश मारलेले पलंग केव्हाच भंगारात गेले.

मला बनवून घेतलं बदलापूरच्या महेश सरांनी. ते अंबरनाथला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि पोरांना घेऊन बारवी धरणाच्या रानात जायचे. भारंगी, कुर्डू, टाकळा, सगळं माझ्यात वाळलं. पोरं म्हणायची, सरांची चौकट भारी आहे. मग सर थकले, मी माळ्यावर गेले. सर वारले तेव्हाही मी माळ्यावरच होते. खाली माणसं जमल्याचं ऐकू आलं. मला काही वाटलं नाही. लाकूड होते, लाकूड राहिले.

दोन वर्षांनी सरांच्या मुलीने, जिज्ञासाने, मला खाली काढलं. ती पुण्याच्या एका संस्थेत वनस्पतींवर संशोधन करते. ती मला स्वालबार्डला घेऊन गेली. तो उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा बेटांचा पुंजका आहे. सोबत घरची रद्दी घेतली, म्हणजे बदलापूरच्या फ्लॅटच्या जाहिराती मी ध्रुवावर नेल्या.

तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि तरी थंडी जात नाही. जमिनीवर शेवाळ, दगड आणि वाळुंज. वाळुंज म्हणजे झाड, पण उंची बोटाच्या पेराएवढी. चालणारा त्याच्यावर पाय देऊन जातो आणि विचारतो, झाडं कुठे आहेत? जिज्ञासाने जमिनीवर तीस चौकोन आखले होते. पंधरा चौकोनांभोवती पारदर्शक पत्र्याचे, वरून उघडे असे छोटे तंबू. आत थोडी ऊब राहते. बाकीचे पंधरा उघडे. ऊब मिळाली की वाळुंजाचं पान मोठं होतं का, एवढंच तिला शोधायचं होतं. तीन उन्हाळे तिने त्यासाठी घातले.

शेवटच्या दिवशी तिने प्रत्येक चौकोनातली एक फांदी खुडली आणि माझ्यात ठेवली. नियम असा, की फांदीला तिथल्या तिथे दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. पण वारा असा होता की तिची बोटं बधिर झाली. दोरा धरवेना. मग तिने वर्तमानपत्राच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने आकडा घातला, एक ते तीस. विषम आकडा तंबूतला, सम आकडा उघड्यावरचा. चिठ्ठ्या घरी बांधू, म्हणाली. मी ऐकलं. मला तोंड असतं तर तिथेच सुनावलं असतं.

बदलापूरला आली ती तापातच. पाच दिवस दवाखान्यात होती. मी ओटीवर पडून होते, बाहेर श्रावणातली ओल.

घरात सरांची आई होती, कमळाबाई. वय ऐंशीच्या घरात, जीभ कोयत्यासारखी. नातीला फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं, की पाल्याचे कागद बदलत राहावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. म्हणून तिने मला सोडलं, फांद्या एकेक करून खाटेवर घेतल्या, नव्या रद्दीत निगुतीने ठेवल्या आणि पट्टे आवळले. हात हलका होता, एक पान तुटलं नाही. हे मी कबूल करते.

जुन्या कागदांचं तिने काय केलं ते ऐका. गणपती जवळ आले होते. फडताळाच्या फळ्यांवर नवे कागद घालायचे होते आणि कमळाबाईच्या फळीवर नक्षीशिवाय कागद जात नाही. आठ-दहा कागद एकावर एक ठेवायचे, घडी घालायची आणि कडेला त्रिकोण कातरायचे. त्यातही तिचा एक नियम होता, की छापील अक्षराला कात्री लावायची नाही. ती विद्या आहे. कात्री चालवायची ती फक्त कोऱ्या कडेवर.

कडेवरचे पेन्सिलीचे आकडे तिने पाहिले होते. तिला वाटलं, पेपरवाल्याने घातलेले घरनंबर आहेत.

जिज्ञासा दवाखान्यातून आली आणि तिने मला उघडलं. एकेक कागद उलटून कडा बघितल्या, सगळ्या कोऱ्या. मग विचारलं, जुने कागद कुठे आहेत? कमळाबाईने तिला स्वयंपाकघरात नेऊन फडताळ दाखवलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाखवावं तसं.

दोघींनी डबे खाली उतरवले, कागद काढले. ओल्या फांदीचा कागदावर तांबूस डाग उमटतो, फांदीच्याच आकाराचा. डागावर फांदी ठेवून बघितली की कुठली फांदी कुठल्या कागदातली ते कळे. पण आकडा शाबूत राहिला होता तो अकराच कागदांवर, ज्यांची ती बाजू भिंतीकडे गेली होती. एकोणीस कागदांचे आकडे कातरून गेले होते.

"मोठ्या पानाची ती उबेतली, बारक्या पानाची ती थंडीतली," कमळाबाई म्हणाली. "त्यात काय शाळा लागते?"

"आजी, तेच तर शोधायचंय. आधीच ठरवलं तर मग शोधलं काय?"

कमळाबाई उठली. केराच्या डब्यातून सगळे त्रिकोण वेचून आणले आणि ओटीवर बसून कागदांना लावू लागली. जेवायलाही उठली नाही. शेजारची विठा डोकावून म्हणाली, मावशे, म्हातारपणी पोरखेळ मांडलास काय? तर कमळाबाईने तिला सुनावलं, की तुझी सून गोळाभर भात शिजवत नाय, तिकडं बघ जा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एकोणीसच्या एकोणीस कागद जिज्ञासापुढे ठेवले.

"नक्की?" जिज्ञासाने विचारलं.

"मीच कापलेलं मना नाय कळणार?"

जिज्ञासा चिठ्ठ्या बांधायला बसली. या एकोणीस फांद्या धरल्या तर तिचं तीन उन्हाळ्यांचं काम उभं राहत होतं. अकरांवर काहीच सिद्ध होत नव्हतं. सहा चिठ्ठ्या बांधून झाल्या. सातवीचा दोरा घेतला तेव्हा कमळाबाईने माझ्यावर हात ठेवला.

"थांब. कागद एकावर एक ठेवून कापलेले. कुठला पण तुकडा कुठं पण बसतो. मी बसवले. नक्की नाय."

मित्रांनो, ऐंशी वर्षांत त्या बाईने "नक्की नाय" म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तिचा हात माझ्या पट्टीवर होता, थंडगार. जिज्ञासा रागावली नाही, रडलीही नाही. तिने सहाही दोरे सोडले. म्हणाली, चिठ्ठी बांधायची ती मी बांधली नाही, आजी. कमळाबाई म्हणाली, ते पण खरंच हाय.

पुण्याला अकरा फांद्या गेल्या. संस्थेला तिने लिहून कळवलं, की तीन उन्हाळ्यांच्या कामाचा निष्कर्ष काढता येत नाही. पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मला कोण सांगणार?

एकोणीस फांद्या माझ्यात आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी आहे: "स्वालबार्ड. चौकोन ठाऊक नाही." कमळाबाईने ती एकदा वाचून घेतली आणि म्हणाली, बरोबर लिहिलंस.

तुम्ही शिकलेली पोरं आहात, तुम्हाला मी लाकडाने काय सांगावं? तरी सांगते. जे उचलाल त्याला तिथेच, त्याच हाताने नाव बांधा. बोटं बधिर झाली तर काखेत धरून ऊब द्या आणि मग बांधा. आणि एवढं करूनही राहिलंच, तर बांधलं होतं असं म्हणू नका.