जोडाची बारा अक्षरं

सकाळपासून माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. मेल उघड, बंद कर, परत उघड. विषाणूचं जनुक वाचायला पाठवलं होतं, त्याचा निकाल आज यायचा होता. आणि सोमवारपासून काकांची बदली गोदामात.

काका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं पेशी वाढवतायत. मला ‘वादळ’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, बरोबरच म्हणतात.

माझं काम असं: विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. त्या काट्याला मी हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं. पेशीच्या आत सुटे भाग जमून विषाणू कसा तयार होतो, ते डोळ्यांना दिसावं म्हणून. तीन वर्षं घासली तेव्हा कुठे हिरवे ठिपके दिसले. मी चक्क नाचले! मग या बाटलीतून त्या बाटलीत विषाणू वाढवत गेले, आणि सहाव्या बाटलीत अंधार. विषाणू भरपूर, चमक शून्य.

काका त्याच खोलीत दुसऱ्या कुणासाठी साधा, बिनचमकीचा विषाणू वाढवत होते. झालं! माझ्या तोंडाला कुठे लगाम? सगळ्यांसमोर ओरडले, “तुमचाच विषाणू शिरलाय माझ्या बाटलीत! हात थरथरतात तर घरी बसायचं ना!”

काकांनी हातमोजे काढले आणि सरळ बाईंच्या केबिनमध्ये गेले. बाई आमच्या प्रमुख. त्यांना म्हणाले, “झालं असेल माझ्याकडून. मला दुसरं काम द्या.”

निकाल अडीचला आला. जनुक म्हणजे रासायनिक अक्षरांची लांबच लांब ओळ; मी एकेक अक्षर बघत गेले. काट्याचं जनुक जागेवर होतं. चमकणाऱ्या प्रथिनाचं गायब. पण दोघांना सांधायला मी मधे बारा अक्षरं घातली होती, माझी मीच रचलेली. ती तशीच होती. काकांच्या विषाणूत ती असणं शक्यच नाही. म्हणजे बाटलीत बाहेरचं कुणी शिरलंच नव्हतं. माझ्याच विषाणूनं ते ओझं टाकून दिलं होतं, आणि हलके झालेले भराभर वाढले होते.

निकाल कागदावर छापून घेतला. धावत बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

“बदली मी रद्द करते गं,” त्या म्हणाल्या. “पण ते म्हणतात, ‘आता माझाच माझ्या हातांवर भरवसा नाही.’ त्याचं काय करू?”

काका खण रिकामा करत होते. आजूबाजूला सगळे माना खाली घालून काम करत होते, म्हणजे कान इकडेच.

“काका, चुकले मी. हे बघा.” मी कागद पुढे केला, त्यातली माझी बारा अक्षरं दाखवली.

त्यांनी चष्मा लावला. अक्षरांवर बोट ठेवून बारा मोजली. परत मोजली. बोट जराही थरथरत नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

“म्हणजे मी नव्हतो,” ते म्हणाले.

“नाही काका,” मी पुटपुटले. “तुमची काहीच चूक नव्हती.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “त्या दिवशी एवढं हळू बोलली नव्हतीस, वादळ.”

मी कागद घेतला, खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला लागले.