पंचावन्नाव्या पायरीवरचं शून्य

पायरी ०. संगणकाच्या पडद्यावर ०.१.

"आकडा मीच निवडला. चालेल ना?" डॉ. पेन्तेआदो म्हणाले. बाहेरून आलेले परीक्षक, अभियांत्रिकीचे. पीएचडीची तोंडी परीक्षा माझी. मागच्या रांगेत मादुरेरा उपनगरातून आलेली आई, बाहेर मेजावर तिने पहाटे तळलेल्या, कोंबडीचं सारण भरलेल्या कोशिन्या.

माझी चार वर्षं एका साध्या नियमावर उभी होती. शून्य ते एकमधला आकडा घ्या. दुप्पट करा. पूर्णांक टाकून द्या. पुन्हा दुप्पट. जवळजवळ कुठूनही निघा, शेवटी आकडे सगळीकडे सारखे पसरतात. थोडेच अपवाद.

पायरी १. ०.२
पायरी २. ०.४
पायरी ३. ०.८
पायरी ४. ०.६
पायरी ५. परत ०.२

"तुम्ही नेमका अपवाद उचललात," मी म्हटलं. "हा याच चार घरांत फिरणार."

"बघू या की." ते बटण दाबत राहिले.

पायरी ५२. ०.६२५
पायरी ५३. ०.२५
पायरी ५४. ०.५
पायरी ५५. ०

"शून्य!" ते श्रोत्यांकडे वळले. "आता दुप्पट करत बसा. कुठलाही आकडा द्या, शेवट हाच. बाई, पसरतंय कुठे?"

कुणीतरी हसलं.

मी माझ्या मार्गदर्शकांकडे पाहिलं. फोन्तोरा सरांना माहीत होतं. पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं: यंत्र आकडा दोनाच्या हिशेबात साठवतं, त्यात एक दशांश मावत नाही, म्हणून ते शेपूट कापतं. दर दुपटीला एक अंक खर्च होतो. अंक संपले की शून्य. यंत्रातला प्रत्येक आकडा असाच मरतो.

सर रिकामा कप ढवळत होते.

"खडू घ्या," मी पेन्तेआदोंना म्हटलं. "हाताने करा."

"मी? परीक्षा तुझी आहे, पोरी."

"मी एकतीस वर्षांची आहे. घ्या."

१, २, ४, ८, ६, २, ४, ८, ६, २, ४. दशांशामागून दशांश. फळ्याची कड आली.

"अहो डॉक्टर," मागून आई, "बस तर याच चार थांब्यांवर फिरतेय. शून्य कुठल्या थांब्यावर चढणार?"

आता हसले ते सगळेच. पेन्तेआदोंनी खडू ठेवला, हात झटकले. चुकलो, असं म्हणाले नाहीत.

आम्हाला बाहेर काढलं. आत समितीची खलबतं.

"खाऊन घे, जान्दीरा. कधीच्या गार झाल्यात."

"आई, आधी निकाल लागू दे."

आत बोलावलं. उभं राहून ऐकायचं असतं. इतिवृत्त वाचलं गेलं: उत्तीर्ण. उमेदवाराने एका मौलिक शंकेचं निरसन केलं.

"मौलिक शंका? चूक होती ती. तसं लिहा, नाहीतर मी सही करत नाही."

सही नाही तर पदवी नाही.

"बाळ, एका शब्दासाठी?" फोन्तोरा सर.

"एक शब्द तुम्हीही बोलू शकला असतात, सर. तासभर कप ढवळलात."

त्यांचे कान लाल झाले. पेन ओढून त्यांनी 'मौलिक शंका' खोडलं, वर 'चूक' लिहिलं. कुणाची, ते लिहिलं नाही.

दारात आई, हातात झाकलेली ताटली.

मी सही केली. नऊ वर्षं झाली, त्या सहीचा राग अजून जात नाही.

आता मी शिकवते. पहिल्या तासाला ०.१ आधी हाताने, मग यंत्रावर. शून्य आलं की मुलं विचारतात, चूक कुणाची?

यंत्राची, असं मी म्हणत नाही. सगळं सांगते, दोन्ही नावांसकट.