राहून गेलेला बुडबुडा

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. भट्टी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे धूर, कोळसा आणि घामाघूम माणसे येतील. माझ्यात तसले काही नाही. मी विजेवर तापते, आणि एका घराच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी कपडे वाळत असत, तिथे चार लोखंडी पायांवर उभी आहे. बाहेरून मी पत्र्याची, आतून पांढऱ्या विटांची. विटांच्या खाचांतून तारांची चार वेटोळी बसवली आहेत, आणि डोक्यावर जड झाकण आहे. काचेचे तुकडे एकावर एक रचून माझ्या पोटात ठेवले की मी त्यांना इतका ताप देते की ते मऊ होऊन एकमेकांत मिसळतात. माझे काम एवढेच, पण ते सगळ्यांना जमत नाही.

मला एका वेल्डरने आणि त्याच्या बायकोने मिळून घडवले. पत्रा त्याने जोडला, विटा तिने घासल्या. झाकण पहिल्यांदा लावून पाहिले तेव्हा ती म्हणाली, "बसलं बघा टोपीसारखं!" ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. अजून आठवली की बरे वाटते.

मला घरी आणले ते ताईने. तिला नाव आहेच, पण वर्गात सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ताई काचवाल्याची मुलगी. तिचे बाबा चौकातल्या दुकानात खिडक्यांची तावदाने कापून देत. काच कशी असावी, तर स्वच्छ, सपाट आणि आरपार, हे त्यांचे मत. एखाद्या तावदानात मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ते काच परत पाठवत. गिऱ्हाईक "चालेल हो" म्हणाले तरी यांना चालत नसे. पुढे मुलगी दुकान सांभाळेल असे त्यांनी धरून ठेवले होते, आणि मुलीचे मन बसले रंगीत काचेवर.

मी घरात आले त्या दिवशी बाबा बघायला आले होते. दारातच उभे राहिले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "रंगीत चुरा भाजायला एवढं मोठं धूड?" आणि समोरचा चहा न पिता निघून गेले. मी नवी होते, मला धूड म्हटलेले फार लागले. ताईला 'चुरा' हा शब्द किती लागला, ते मला पुढे अकरा वर्षे दिसत राहिले. बापलेकींचे बोलणे तुटले नाही, पण ते औषधे, विजेचे बिल आणि तब्येत यांच्यापलीकडे कधी गेले नाही.

आमचा वर्ग शनिवारी सकाळी भरे. खोलीत चार स्टुले, कारण माझ्या पोटात चौघांचेच काम मावते. पाचवा कोणी आला तर ताई त्याला पुढच्या महिन्याचे सांगे. प्रत्येकाला एक ताट, एक चष्मा आणि काच कापायचे हत्यार मिळे. कोणी कपाखाली ठेवायची चकती करी, कोणी गळ्यातले पदक, कोणी लहानशी बशी. आधी माझ्या आतल्या फळीला पांढरी माती पाण्यात कालवून लावायची, नाहीतर काच फळीला अशी चिकटते की दोन्ही फुकट जातात. मग तुकडे रचायचे, झाकण लावायचे आणि घरी जायचे. झाकण उघडायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मध्ये उघडले, गार वारा लागला, की काच तडकलीच.

हे शेवटचे लोकांना जड जाई. आमच्याकडे एक गृहस्थ येत, त्यांना सगळे 'घाईवाले' म्हणत. झाकण लागले नाही तोच ते विचारत, "जरा फट करून बघू का?" एक निवृत्त नर्स येत, त्या 'सिस्टर'. सात वर्षे त्या निळा मासाच करत आल्या. ताईने एकदा विचारले, "सिस्टर, आता दुसरं काही करूया का?" तर म्हणाल्या, "हा मासा एकदा नीट हसू दे, मग बघू." दुसऱ्या दिवशी झाकण उघडले की सगळे माझ्यावर वाकत आणि "अगंबाई!" म्हणत. माझी छाती फुगून येई. खरे तर शाबासकी काचेला असे, पण मी ती स्वतःकडे वळवून घेई.

अशी अकरा वर्षे गेली. बाबांचे दुकान बंद झाले. त्यांचे हात थरथर कापू लागले होते. डॉक्टरांनी सांगितले, कंप वाढतच जाणार, वर्षभरात चमचासुद्धा धरवणार नाही. ताई त्यांना आपल्या घरी घेऊन आली. येताना त्यांनी दोनच गोष्टी बरोबर आणल्या: हिरा बसवलेले आपले जुने हत्यार, आणि चादरीत गुंडाळलेली तावदानाची एक कोरी काच. दुकानातली शेवटची. ती त्यांनी कपाटामागे उभी करून ठेवली आणि कोणाला हात लावू दिला नाही.

शनिवारी ते आमच्या खोलीत येऊन दाराजवळ बसू लागले. बोलत नसत, नुसते बघत. एकदा सिस्टरांना माशाची शेपटी काही केल्या कापता येईना. तिसरी काच वाया गेली तेव्हा बाबा उठले. "दाबताय कशाला तिला? नुसती रेघ दाखवा. ती आपणहून सुटते." त्यांनी हिरा टेकवला. हात थरथरत होता, पण काचेला टेकला की थांबत होता. एक बारीक करकर झाली आणि शेपटी अलगद सुटली. सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. ताई मात्र मान खाली घालून फळी पुसत राहिली. फळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

त्या दिवसापासून ते वर्गाचे 'काका' झाले. आणि मला एक गोष्ट कळली, जी ताईला ठाऊक नव्हती. खोलीत कोणी नसताना ते ती कोरी काच आणून माझ्या झाकणावर ठेवत, तिच्यावरून हात फिरवत आणि स्वतःशीच बोलत. "हात आहेत तोवर तिला एक काहीतरी करून द्यायचंय." एवढेच. अकरा वर्षांपूर्वीचा तो 'चुरा' शब्द त्यांनाही सलत होता. चुकलो हे तोंडाने निघत नव्हते, म्हणून ते हाताने सांगू बघत होते. आणि हातांची मुदत भरत आली होती.

एका शनिवारी ताई फोन घ्यायला बाहेर गेली. बाबांनी त्या कोऱ्या काचेच्या अर्ध्या भागातून कापलेली एक गोल चकती शर्टाच्या आतून काढली. तिच्यावर ताईच्या बरणीतले रंगीत तुकडे फुलासारखे मांडले आणि ती माझ्या कोपऱ्यात सरकवली. आता काय होणार ते मला कळले. मित्रांनो, काच दिसायला सारखी असली तरी सगळी काच एका जातीची नसते. थंड होताना प्रत्येक काच थोडी आकसते. खिडकीची काच तिच्या मापाने आकसते, ताईची रंगीत काच आपल्या मापाने. तापात त्या गळ्यात गळा घालतात आणि गार होताना एकमेकींना ओढून तोडतात. ताई हे प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगते. बाबा पहिल्या दिवशी नव्हते. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडले. सिस्टरांचा मासा शाबूत होता, घाईवाल्यांची बशी शाबूत होती. कोपऱ्यातली चकती मधोमध तडकून तिचे तीन तुकडे झाले होते.

"हे कोणाचं?" ताईने विचारले आणि कडेची हिरवट झाक बघून तिला लगेच कळले. "बाबा! खिडकीची काच घातलीत? विचारायचं तरी होतं मला!"

"काच ती काच," बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा. ही त्या काचेशी जमत नाही. प्रत्येक नव्या वर्गाला सांगते मी हे."

बाबांनी तिन्ही तुकडे उचलून हातरुमालात ठेवले. "पन्नास वर्षं काच कापली," ते हळूच म्हणाले, "आणि हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं." मग त्यांनी विचारले, "तुझ्यासाठीच करत होतो. आता कशी करायची?"

 सिस्टर पुढे येऊन म्हणाल्या, "ताई, त्यांची काच नुसती त्यांच्याच काचेबरोबर ठेवली तर?"

"मग जमेल," ताई म्हणाली. "पण तिला ताप जास्त लागतो. आणि हिला आठशे अंशांच्या वर न्यायचं नाही."

'हिला' म्हणजे मला. दोनच महिन्यांपूर्वी वीजवाला मला तपासून गेला होता. माझी एक तार झिजली होती. "आठशेच्या वर नेऊ नका," त्याने बजावले होते, "या मापाची तार आता मिळत नाही. गेली की गेली." मी गेले असते तर शनिवार गेला असता, आणि ताईचे घर शनिवारच्या वर्गावर चालत होते. तिने वाकून माझी झिजलेली तार बघितली. माझी पाचावर धारण बसली. मग ती म्हणाली, "बाबा, उरलेली अर्धी काच आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे कापायला बसले. बाबांचा हात त्या दिवशी फारच थरथरत होता. हिरा दोनदा घसरला. काच एवढीच होती, तिसऱ्यांदा चुकायला जागा नव्हती. ताईने त्यांचा हात धरला नाही. "पट्टी मी धरते," ती म्हणाली, "रेघ तुम्ही ओढा." लोखंडी पट्टी तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबली. बाबांनी श्वास रोखला आणि हिरा पट्टीच्या कडेने एका दमात ओढला. दोन सारखे चौकोन निघाले. ते बशीच्या खोलगट साच्यात एकावर एक ठेवून ताईने विचारले, "मध्ये काही घालायचं? तांब्याची तार चालेल."

"काही नको. आरपार दिसू दे."

झाकण लागले. आठशेपर्यंत मी रोजच जाते, त्याचे कौतुक नको. पुढचे चाळीस अंश मात्र मी जिवाचे रान करून चढले. ती दोघे समोर स्टुलांवर बसून माझ्या तापाचा आकडा बघत होती. आठशे दहा. आठशे वीस. तिथे आकडा अडला.

"मी तुझ्या कामाला चुरा म्हणालो होतो," बाबा आकड्याकडे बघतच म्हणाले. "ते माझं चुकलं."

ताईने आकड्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितले. मग म्हणाली, "अकरा वर्षं लागली तुम्हाला?"

"लागली खरी." त्यांनी थरथरते हात मांडीखाली दाबून धरले. "बघ, वाढतोय का."

वाढत होता. आठशे चाळीसला पोहोचले आणि माझ्या डाव्या कोपऱ्यातली तार तुटली. त्या बाजूचा लाल रंग विझला. ताईने दचकून बटण बंद केले. आता जे व्हायचे ते होऊन गेले होते. उरले होते ते फक्त थांबणे. बाबांनी एकदाही "बघू का" म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडले. आत जाड, मऊ कडांची, पाण्यासारखी एक बशी होती. अखंड. फक्त डावीकडे, जिथे माझा ताप कमी पडला होता, तिथे दोन काचांच्या मध्ये थोडी हवा राहून गेली होती. मोहरीएवढा एक बुडबुडा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बुडबुड्यासाठी ज्याने आयुष्यभर तावदाने परत पाठवली, त्या माणसाच्या शेवटच्या काचेत मी बुडबुडा ठेवला होता.

बाबांनी बशी उजेडात धरली. खूप वेळ बघितली. ताई म्हणाली, "बाबा, पुन्हा भाजता नाही येणार. तार गेली."

"राहू दे," बाबा म्हणाले. "आपल्याच खोलीतली हवा आहे." आणि बशी तिच्या हातात दिली. "किल्ल्या ठेवत जा हिच्यात. सारख्या हरवतेस."

त्यानंतर माझा डावा कोपरा गारच राहिला. चौघांऐवजी तिघांचेच काम मावू लागले, म्हणून चौथे स्टूल रिकामे झाले. त्यावर बाबा बसत. रेघ ओढता येईना तेव्हा ते नुसते सांगत, आणि सांगणेही थकले तेव्हा नुसते ऐकत. पुढच्या वर्षी ते गेले.

मग काही महिने वर्ग भरला नाही. माझ्या झाकणावर धूळ साचली, धुळीवर जुनी वर्तमानपत्रे, त्यांवर घड्या न घातलेले कपडे. एका कोळ्याने माझ्या पायांत संसार थाटला. कामाच्या दिवसांत मला कोणी 'थकलीस का' असे विचारले नाही याचे वाईट वाटत नसे, पण कोणी झाकणसुद्धा उचलू नये याचे फार वाईट वाटले. एका सकाळी सिस्टर आल्या, कपडे बाजूला केले आणि म्हणाल्या, "ताई, शनिवार आहे. माझा मासा अजून हसलेला नाही." ताई खाली बसून रडली. मग उठून तिने पांढरी माती कालवायला घेतली.

मित्रांनो, मी आता तीन तारांवर काम करते. गार कोपऱ्यात ताई काही ठेवत नाही, पण मला भंगारातही देत नाही. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, कोपऱ्यात बसलेले एखादे जुने माणूस असेल. अधूनमधून त्यांच्यावरची धूळ झटका, आणि त्यांना काय येते ते विचारा. अकरा वर्षे थांबू नका. थांबायचे असेल तर झाकण उघडण्यासाठी थांबा.

वर्ग संपला की ताई बशीतल्या किल्ल्या उचलते आणि बशी क्षणभर खिडकीसमोर धरते. तिच्यातून रस्ता आहे तसा आरपार दिसतो. तिचा अंगठा त्या बुडबुड्यावर टेकलेला असतो. ज्या सकाळी बाबांनी श्वास रोखून रेघ ओढली आणि मग सोडला, त्या सकाळची हवा आत आहे. मी ती बाहेर जाऊ दिली नाही.